रेवाचे २ रुपये ९७ पैसे : विकास बँकेचा पैसा नेमका कुठे लागला?

पार्श्वभूमी

९ आणि १० फेब्रुवारी २०१७ या दोन दिवसांत मध्य प्रदेशातल्या रेवा सौर प्रकल्पासाठीचा उलटा लिलाव सलग ३३ तास चालला. उलटा लिलाव म्हणजे प्रत्येक बोली आधीच्या बोलीपेक्षा खाली. लिलाव थांबला तेव्हा पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैशांवर आला होता. जानेवारी २०१६मध्ये राजस्थानात लागलेला ४ रुपये ३४ पैशांचा दर तोवर देशातला नीचांक होता.

पॅनेलच्या किमती त्या वर्षात झपाट्याने उतरल्या होत्या, हे खरं. पण त्या साऱ्या देशासाठीच उतरल्या होत्या. रेवा जिल्ह्यातल्या गुढ तहसिलीत ऊन राजस्थानातल्या भडल्यापेक्षा कमी मिळतं. शिवाय दर आणि खर्च यांतली तफावत भरून काढण्यासाठी सरकार देतं ते अनुदानही इथे नव्हतं. उतरलेल्या दराचा उरलेला हिशेब करारांच्या मसुद्यात आणि जागतिक बँकेने, म्हणजे इथल्या विकास बँकेने, उपकेंद्रांसाठी दिलेल्या कर्जात सापडतो. तोच इथे मांडला आहे. अधिकाऱ्यांची आणि व्यक्तींची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत.

प्रकल्पाची यजमान कंपनी रेवा अल्ट्रा मेगा सोलर लिमिटेड. मध्य प्रदेशचं ऊर्जा विकास निगम आणि केंद्राचं सौरऊर्जा महामंडळ, म्हणजे ‘सेकी’, यांची ती निम्म्या-निम्म्या भागीची कंपनी. २०१५मध्ये ती स्थापन झाली. तिने स्वतः एकही पॅनेल बसवायचं नव्हतं. १५०० हेक्टरांचं सौर उद्यान उभं करायचं, रस्ते, निचरा, वाहिन्या आणि उपकेंद्रं बांधायची, त्यात ५०० हेक्टरांचे तीन भाग पाडायचे आणि प्रत्येक भाग २५० मेगावॅटच्या खासगी प्रकल्पाला वापरायला द्यायचा, अशी ती रचना. केंद्राच्या सौर उद्यान योजनेत मेगावॅटमागे कमाल २० लाख रुपये साहाय्य मिळतं. त्यातून या उद्यानाला १३८ कोटी रुपये मिळाले.

जागतिक बँक समूह दोन वेगळ्या दारांनी आत आला. खासगी क्षेत्राशी काम करणारी त्याची शाखा, आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ म्हणजे ‘आयएफसी’, निविदा आणि करार रचणारी सल्लागार झाली. दुसऱ्या दाराने बँकेचं सार्वजनिक कर्ज आलं. ते इरेडाला, म्हणजे केंद्राच्या अक्षय ऊर्जा कर्जसंस्थेला, भारत सरकारच्या हमीवर मिळालं आणि इरेडाने ते उद्यानांच्या सामायिक पायाभूत कामांसाठी पुढे द्यायचं ठरलं.

अडचण

सौर प्रकल्पाचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्या दिवशी होतो. इंधन फुकट असल्यामुळे पुढची २५ वर्षं विजेचा दर म्हणजे प्रामुख्याने भांडवलाची परतफेड असते. समजा मेगावॅटला ५ कोटी रुपये खर्च आला आणि त्यातले ७५ टक्के कर्जाऊ घेतले. कर्ज झालं पावणेचार कोटी. व्याज एका टक्क्याने वाढलं तर पहिल्या वर्षी ३ लाख ७५ हजार जास्त द्यावे लागतात. २२ टक्के क्षमता-वापर धरला, म्हणजे वर्षभर पूर्ण क्षमतेने चालून मिळाली असती त्याच्या २२ टक्के वीज मिळते असं धरलं, तर एक मेगावॅट वर्षाला सुमारे १९ लाख २७ हजार युनिटं देतो. म्हणजे टक्काभर व्याज पहिल्या वर्षी युनिटमागे साडेएकोणीस पैशांना पडतं. तीन रुपयांच्या दरात साडेएकोणीस पैसे ही थट्टा नाही.

कर्ज देणारी बँक व्याज ठरवताना उन्हाची फारशी चिंता करत नाही, कारण उन्हाच्या नोंदी उपलब्ध असतात. ती विचारते ते वेगळेच प्रश्न. डिस्कॉम, म्हणजे वीज विकत घेणारी वितरण कंपनी, बिल वेळेवर देईल का? पॅनेल तयार आणि उपकेंद्र अर्धवट, असं झालं तर भरपाई कोण देईल? जमिनीच्या खसऱ्यावर, म्हणजे आपल्याकडच्या सातबाऱ्यासारख्या उताऱ्यावर, दुसऱ्याच कुणाचं नाव निघालं तर? स्वस्त वीज दुसरीकडे मिळू लागली म्हणून उद्या खरेदीदाराने करार मोडला तर बँकेचे पैसे कोण परत करील?

तेव्हाच्या बहुतेक निविदांत या प्रश्नांची उत्तरं विकासकाच्या, म्हणजे प्रकल्प उभारून वीज विकणाऱ्या खासगी कंपनीच्या, गळ्यात मारलेली असत. विकासक ती जोखीम दरात मिसळे, बँक व्याजात मिसळे, आणि ग्राहक दोन्हींचे पैसे भरे.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय सरकारी कंपनीनेच विकास बँकेचं कर्ज घेऊन वीजकेंद्र उभारण्याचा. याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ शिवाजीनगरला महानिर्मितीने जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जातून १२५ मेगावॅटचं सौर केंद्र उभारलं, ते २०१३मध्ये. रचना सुटसुटीत, पैसा लांब मुदतीचा. पण पॅनेलच्या किमती दरवर्षी घसरत असताना ज्या वर्षी खरेदी केली त्या वर्षीचा भाव २५ वर्षं गळ्यात राहतो, आणि बांधकामातल्या चुकांचा भुर्दंडही सरकारी ताळेबंदावर पडतो. ७५० मेगावॅटसाठी राज्याने एवढं कर्ज अंगावर घेणं अवघड होतं.

दुसरा पर्याय सगळं विकासकावर सोपवण्याचा. जमीन शोधा, वाहिनी ओढा, सगळ्यात कमी दर द्या. यात सरकारची मेहनत वाचते, पण जमिनीच्या दलालांची चंगळ होते आणि तीन विकासक एकाच दिशेला तीन समांतर वाहिन्या ओढतात.

तिसरा, अनुदान देऊन दर खाली आणण्याचा. त्याने दर दिसायला उतरतो, पण जोखीम जागच्या जागी राहते.

चौथा पर्याय निवडला गेला. जी जोखीम सरकारी यंत्रणेच्या हातात आहे ती तिनेच घ्यायची : जमीन, उपकेंद्र, बिलाची हमी. जी विकासकाच्या हातात आहे ती त्याने घ्यायची : पॅनेलची निवड, बांधकाम, देखभाल. विकास बँकेचा पैसा पहिल्या गटात घालायचा. कागदावर हे उघड वाटतं. प्रत्यक्षात राज्याच्या वित्त विभागाकडून ‘खासगी कंपनीच्या बिलासाठी राज्याची हमी’ या वाक्यावर सही मिळवणं हेच यातलं सर्वांत जड काम असतं.

काय केलं

वाहिन्या आणि उपकेंद्रं. इन्व्हर्टरमधून निघालेली वीज ३३ केव्हीला (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) चढवून पूलिंग उपकेंद्रात, म्हणजे सगळी वीज एकत्र होते तिथे, आणायची, तिथे २२० केव्ही करायची आणि पॉवरग्रिड या केंद्राच्या पारेषण कंपनीच्या ४००/२२० केव्ही उपकेंद्रातून आंतरराज्य वीजजाळ्यात सोडायची, अशी साखळी. ३३ केव्हीच्या एका वाहिनीवर २५ मेगावॅट घातले तर सुमारे ४३७ अँपिअर प्रवाह वाहतो, म्हणजे २५० मेगावॅटच्या एका भागाला अशा किमान दहा वाहिन्या हव्यात. तीन विकासकांनी हे सुटं सुटं केलं असतं तर ट्रान्सफॉर्मर, बे (उपकेंद्रात वाहिनी जोडायची जागा) आणि वाहिन्यांचा मार्ग, यांतलं बरंच काम पुन्हा पुन्हा झालं असतं. उद्यान कंपनीने हे सामायिक काम एकदाच करून शुल्क रूपाने वसूल करायचं ठरवलं.

याच कामासाठी जागतिक बँकेचं कर्ज होतं. मार्च २०१७मध्ये मंजूर झालेल्या १० कोटी डॉलरांत तीन पदर होते : जागतिक बँकेचे साडेसात कोटी, १९ वर्षांच्या मुदतीचे, त्यात पहिली ५ वर्षं मुद्दल फेडण्यातून सूट; स्वच्छ तंत्रज्ञान निधीचे २ कोटी ३० लाख, ४० वर्षांच्या मुदतीचे, १० वर्षं सूट; आणि २० लाखांचं अनुदान. पहिली दोन उद्यानं मध्य प्रदेशातलीच होती, रेवा आणि मंदसौर. लक्षात घ्या, ही सगळी रक्कम एकट्या रेवासाठी नव्हती, आणि तरीही रेवात खासगी कंपन्यांनी गुंतवलेल्या पैशापुढे ती किरकोळ होती.

‘स्वस्त परदेशी कर्ज’ या शब्दांनी इथे फसायला होतं. कर्ज डॉलरमध्ये, वसुली रुपयांत. रुपया घसरण्याची जोखीम झाकायला हेजिंगचा खर्च येतो, त्यावर सरकारी हमीचं शुल्क आणि मधल्या संस्थेचा वाटा. हे सगळं बेरजेला धरलं की स्वस्तपणाचा मोठा भाग विरघळतो. विरघळत नाही ती मुदत. १०० कोटींचं कर्ज ९ टक्क्यांनी १२ वर्षांत फेडायचं तर समान वार्षिक हप्ता सुमारे १३ कोटी ९७ लाख येतो. तेच कर्ज, त्याच ९ टक्क्यांनी, १९ वर्षांत फेडायचं तर ११ कोटी १७ लाख. हा हप्ता १२ वर्षांच्या कर्जात मिळवायचा झाला तर व्याज ५ टक्क्यांच्याही खाली आणावं लागेल. वीज खरेदी करार २५ वर्षांचा असताना ही मुदत देशातल्या बँकांकडून मिळणं तेव्हा कठीण होतं.

बिलाची हमी. इथे तीन थर रचले. पहिला लेटर ऑफ क्रेडिटचा : खरेदीदाराने मुदतीत पैसे दिले नाहीत तर विकासक थेट बँकेतून रक्कम उचलतो. दुसरा थर बिल-सुरक्षा निधीचा, पहिला अपुरा पडला तर त्यातून पैसे मिळतात. तिसरी राज्य सरकारची हमी. या थरांचा खरा उपयोग ते वापरावे न लागण्यात आहे. पण एक व्यावहारिक गोम सांगायला हवी. लेटर ऑफ क्रेडिट एकदा वापरलं की ते ठरलेल्या दिवसांत पुन्हा भरून ठेवण्याचं बंधन करारात नसेल, तर दुसऱ्या महिन्यात पहिला थर रिकामाच असतो. मसुदा तपासताना रकमेआधी हे कलम पाहावं.

जाळं बंद असेल तर काय? समजा दुपारच्या १०० तासांत उपकेंद्र बंद राहिलं आणि तेव्हा मेगावॅटमागे सरासरी ०.७ मेगावॅट निर्मिती होत असती. ७० हजार युनिटं गेली, २.९७ दराने सुमारे २ लाख ८ हजार रुपये. त्या मेगावॅटचं वर्षाचं उत्पन्न सव्वासत्तावन्न लाख. म्हणजे साडेतीन टक्क्यांहून जास्त उत्पन्न विकासकाची काडीचीही चूक नसताना बुडालं. हप्ता भागवून जेमतेम २०-३० टक्के शिल्लक ठेवणाऱ्या प्रकल्पाला हे चांगलंच जाणवतं. रेवाच्या करारात जाळ्याच्या अनुपलब्धतेसाठी आणि निर्मिती कमी करायला लावल्यास ‘निर्मिती झाली असं मानून’ भरपाईची तरतूद होती. करार मोडल्यास द्यायची रक्कमही आधीच ठरवलेली होती. कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील ही दोन कलमं सर्वांत आधी उघडतो.

खरेदीदार. ७६ टक्के वीज मध्य प्रदेशच्या डिस्कॉमना आणि २४ टक्के दिल्ली मेट्रोला, असा वाटा ठरला. राज्याबाहेरच्या संस्थात्मक ग्राहकाला वीज देणारा हा देशातला पहिलाच अक्षय ऊर्जा प्रकल्प. जाता जाता, दिल्ली मेट्रो स्वतः मुख्यतः जपानच्या जायका या सरकारी विकास-संस्थेच्या कर्जावर उभी राहिली. एका विकास बँकेच्या ग्राहकाने दुसरीच्या प्रकल्पाची वीज घेतली. आंतरराज्य पारेषण शुल्कात सौर विजेला तेव्हा माफी होती, म्हणून हे जुळलं. माफी नसती तर दिल्लीपर्यंतच्या वाहतुकीने दराचा फायदा बऱ्यापैकी खाल्ला असता.

दोन खरेदीदार आले की रोजचं काम वाढतं. दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ टप्पे; प्रत्येक टप्प्याचं वेळापत्रक आदल्या दिवशी द्यायचं, ढग आले की सुधारायचं, आणि प्रत्येक टप्प्यात ७६ आणि २४चा वाटा सांभाळायचा. मेट्रोची गर्दी सकाळ-संध्याकाळची, सौर विजेचा भर दुपारचा. गाड्या, वातानुकूलन आणि स्थानकं मिळून दुपारीही मागणी बरीच असते म्हणून हे चाललं. एखाद्या कारखान्याला हीच रचना जशीच्या तशी लावता येणार नाही.

निर्णायक जागा : ५ पैशांची चढण

रेवाच्या दराबद्दल सर्वांत जास्त गैरसमज इथे आहे. २ रुपये ९७ पैसे हा फक्त पहिल्या वर्षाचा दर. त्यानंतर १५ वर्षं दरवर्षी ५ पैसे वाढ. वाढ थांबते तेव्हा दर ३ रुपये ७२ पैशांच्या घरात असतो. २५ वर्षांची साधी सरासरी काढली तर साधारण ३ रुपये ४८ पैसे येतात. पुढच्या वर्षांतल्या पैशाचं आजचं मोल कमी धरून काढलेला समतल दर ३ रुपये ३० पैसे. राजस्थानच्या ४ रुपये ३४ पैशांशी तुलना करायची तर ती या ३.३०ची. फरक तरीही रुपयाहून जास्त राहतो, पण मथळ्याइतका नाही.

खरेदीदाराला चढता दर सोयीचा, कारण आजचं बिल हलकं. विकासकाला मात्र पहिली वर्षं ओढाताणीची. उत्पन्न तळाला असतं तेव्हाच व्याज शिखरावर असतं. बोलीच्या जोशात कंपन्यांनी ही ओढाताण पत्करली. पहिल्या चार-पाच वर्षांचे हप्ते कमी आणि पुढचे जास्त असं वेळापत्रक कर्जात मिळालं तरच ती सुसह्य होते. सपाट दर मागितला असता तर मथळा ३ रुपयांच्या वर गेला असता. मथळ्याचीही काही किंमत होती असं मानायला जागा आहे, कारण नंतरच्या निविदांना तो आकडा धक्का देऊन गेला. मे २०१७मध्येच भडल्यात २ रुपये ४४ पैशांची सपाट बोली लागली.

परिणाम

तीन भाग तीन कंपन्यांना गेले : मुंबईच्या महिंद्र समूहाची महिंद्रा रिन्यूएबल्स, अ‍ॅक्मे आणि अरिनसन. एप्रिल २०१७मध्ये वीज खरेदी करार झाले. जागतिक बँकेच्या कर्जावर सह्या झाल्या नोव्हेंबर २०१७मध्ये. पहिली वीज जुलै २०१८मध्ये जाळ्यात गेली, दिल्ली मेट्रोला एप्रिल २०१९पासून मिळू लागली, आणि पूर्ण ७५० मेगावॅट ३ जानेवारी २०२० रोजी चालू झाले. औपचारिक लोकार्पण १० जुलै २०२०ला. वर्षाला सुमारे १५ लाख टन कार्बन डायऑक्साइड टळतो, असा सरकारी अंदाज आहे. प्रकल्पाला जागतिक बँक समूहाचा अध्यक्षीय पुरस्कारही मिळाला.

उद्यान कंपनी तिथेच थांबली नाही. आगर, शाजापूर आणि नीमच इथल्या उद्यानांसाठी तिने जवळपास हाच साचा वापरला. २०२१मध्ये नीमचचा दर २ रुपये १४-१५ पैशांपर्यंत उतरला, आणि तिथे मेट्रोच्या जागी भारतीय रेल्वे खरेदीदार आली. करारांचे मसुदे एकदा पक्के झाले की दुसऱ्यांदा ते जवळपास फुकट मिळतात. या प्रकरणातला विकास बँकेचा सर्वांत टिकाऊ ऐवज कदाचित तोच.

काय वेगळं करता आलं असतं

तारखा पुन्हा पाहा. लिलाव फेब्रुवारी २०१७, कर्जावर सही नोव्हेंबर २०१७. मधल्या नऊ महिन्यांत उपकेंद्राचं काम थांबवून चालत नाही. जागतिक बँक सहीआधीचा खर्च ठराविक मर्यादेपर्यंत नंतर भरून देते, पण ती खरेदी सुरुवातीपासून बँकेच्या निविदा-नियमांत बसलेली असेल तरच. राज्याच्या नेहमीच्या पद्धतीने काढलेली निविदा नंतर बँकेच्या चौकटीत कोंबता येत नाही. म्हणून कर्जाची नुसती शक्यता दिसताच खरेदीचे कागद बँकेच्या नमुन्यात करावेत. कर्ज नाही मिळालं तरी त्यात नुकसान काही नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. सरकारी पडीक अशी नोंद असलेल्या जमिनीवरही प्रत्यक्षात कुणाचं शेत, कुणाची गुरं, कुणाची वाट असते. विकास बँकेच्या सामाजिक अटींनुसार कागद नसलेल्या वहिवाटदारालाही विचारात घ्यावं लागतं; आपल्या महसूल खात्याला तो अतिक्रमणवाला दिसतो. हा दृष्टिकोनातला फरक लिलावानंतर उघडा पडला तर तुकड्या-तुकड्यांनी जमीन ताब्यात येते, आणि सौर प्रकल्पात मधली दहा एकरं अडली तरी तिथून जाणारी केबल अडते. पायी फिरून केलेली मोजणी, गुरांच्या वाटांचा नकाशा आणि भरपाईची यादी लिलावाआधी बोली लावणाऱ्यांच्या हातात द्यायला हवी.

तिसरी, कायदा बदलल्यास काय हे सांगणारं कलम. लिलावानंतर पाच महिन्यांत, १ जुलै २०१७ला, जीएसटी आला. ३० जुलै २०१८पासून चीन आणि मलेशियातून येणाऱ्या सौर सेल-पॅनेलवर २५ टक्के संरक्षक शुल्क लागलं. दोन्ही बदल बांधकामाच्या ऐन काळातले. अशा वेळी विकासक आधी खिशातून भरतो, मग वीज नियामक आयोगाकडे दावा नेतो, आणि आदेश येईपर्यंत त्या पैशावरचं व्याज सोसतो. ‘अमुक टक्के करवाढ म्हणजे दरात तमुक पैसे’ असा तक्ता करारातच जोडला, तर दावा बेरीज-वजाबाकीवर येतो. नवीन मसुद्यात खरेदीदाराच्या वकिलांचा याला पहिला आक्षेप असतो की तक्ता आपल्याला बांधून टाकतो. त्यावर तोडगा म्हणजे शुल्क कमी झालं तर त्याच तक्त्याने दरही खाली यावा, हे वाक्य तिथेच घालणं.